संगम माहुली : विश्वेश्वराच्या पलीकडचं गाव आणि नदीपात्रातल्या समाध्या

संगमकर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं की माहुलीवर एक धागा काढावा. इथं साताऱ्यातले, कोरेगावातले, वाईकडचे बरेच लोक आहेत, प्रत्येकाला थोडं थोडं माहीत असणार, ते सगळं एका जागी आलं तर बरं होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साताऱ्याहून कोरेगावकडं निघालं की पाचेक किलोमीटरवर कृष्णेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडं संगम माहुली, पलीकडं क्षेत्र माहुली. वेण्णा पश्चिमेकडून येते आणि इथं कृष्णेला मिळते. गाव तसं लहानच. पण घाटावर उभं राहून एकदा नीट बघा, अलीकडं विश्वेश्वर, समोरच्या काठावर रामेश्वर, मधे नदी, दोन्हीकडून पाण्यात उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, मागं साताऱ्याच्या बाजूला अजिंक्यताऱ्याची सपाट डोकी आणि पूर्वेला जरंडेश्वराचा डोंगर. एवढ्याशा जागेत इतकं बांधकाम का झालं असा प्रश्न पडतोच.

कारण साधं आहे. सातारा राजधानी झाली आणि राजधानीला जवळचं तीर्थ म्हणजे हा संगम. शाहू महाराजांच्या काळात साताऱ्यात पैसा आला, सरदार आले, सावकार आले आणि ज्याला त्याला इथं काहीतरी बांधावंसं वाटलं. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींनी साधारण १७३५ च्या सुमाराला बांधलं. समोरचं रामेश्वर देगावच्या परशुराम नारायण अनगळांचं. म्हणजे एका काठावर राज्याचा मोठा कारभारी आणि समोर सावकार, दोघांची देवळं नदी मधे ठेवून एकमेकांकडं तोंड करून उभी आहेत. मला ही मांडणी फार आवडते. नुसतं एक देऊळ बघून गेलात तर ती कळतच नाही, कारण एका काठाचं देखणेपण समोरच्या काठावरून दिसावं अशीच ही रचना आहे.

पण धागा मला देवळांवर काढायचा नाहीये. देवळांचे फोटो सगळीकडं आहेत, सिनेमावाले येतात, लग्नाआधीचे फोटोवाले येतात, आनंद आहे. मला बोलायचंय ते समाध्यांबद्दल.

सातारच्या राजघराण्याची ही दहनभूमी. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला गेले, त्यांचं दहन इथलं, त्यांच्या राणी सकवारबाई इथंच सती गेल्या. महाराणी ताराबाई १७६१ च्या डिसेंबरात गेल्या, पानिपत त्याच वर्षीच्या जानेवारीतलं, म्हणजे राजाराम महाराजांच्या मागं उभं राहिलेलं राज्य, कोल्हापूर-साताऱ्याचं भांडण, पेशव्यांचा उदय आणि पानिपत हे सगळं डोळ्यांनी बघितलेली बाई, तिची समाधीही इथलीच. आणि येसूबाई. १६८९ ला रायगड पडल्यावर मुघलांच्या कैदेत गेल्या त्या १७१९ ला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले तेव्हा सुटून आल्या. तीस वर्षं. त्यांची समाधी बरीच वर्षं कुणाला नीट सांगता येत नव्हती, अलीकडं स्थानिक अभ्यासकांनी जुन्या कागदांचा आणि जागेचा मेळ घालून ती दाखवली.

आता विचार करा, ज्या बाईनं स्वराज्यासाठी तीस वर्षं कैद सोसली तिची समाधी कुठली हे गावालाच माहीत नाही, असं कसं होतं? गावाला दोष देऊन चालणार नाही. यातल्या बऱ्याच समाध्या नदीच्या पात्रात नाहीतर अगदी लगतच्या मळईत आहेत. दहन जिथं झालं तिथंच चौथरा बांधायची रीत. दर पावसाळ्यात गाळ येतो, वाळू बसते, करंज-बाभळी उगवतात, चौथरा अर्धा आत जातो. शिलालेख बहुतेकांवर नाही. कुणाची समाधी हे फक्त सांगून सांगून टिकलेलं, आणि सांगणारा गेला की दगड उरतो, नाव जातं.

तर माझी विनंती अशी. ज्यांचं आजोळ, सासर, घरचं कुणी माहुलीत आहे त्यांनी आपल्या घरात ऐकलेलं जसंच्या तसं लिहावं, कुठल्या चौथऱ्याला काय म्हणतात, कुठं दिवा लावतात, कुठं चप्पल काढतात, लहान गोष्ट वाटली तरी लिहा.

---

आजोळमाहुली

दादा, धागा वाचून लगेच लॉगिन केलं, एरवी मी नुसती वाचते.

माझं आजोळ क्षेत्र माहुलीचं, म्हणजे पलीकडच्या काठाचं. आमच्या आजीच्या बोलण्यात 'पलीकडं' म्हणजे संगम माहुली आणि पलीकडच्यांच्या बोलण्यात 'पलीकडं' म्हणजे आम्ही, लहानपणी फार गोंधळ व्हायचा. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढं झालं की बायका सरळ नदीतून जायच्या, पुलाला वळसा कोण घालणार. आजीला पात्रातले सगळे दगड पाठ होते. कुठल्या दगडावर पाय द्यायचा, कुठं शेवाळ असतं, कुठल्या चौथऱ्यावर बसायचं आणि कुठल्या नाही. बसायचं नाही ते का असं विचारलं की म्हणायची, "राणीसाहेबांचं हाय ते, उठ." कुठल्या राणीसाहेब ते कधी सांगितलं नाही, बहुतेक तिलाही नाव माहीत नसावं. पण त्या एका चौथऱ्यावर धुणं वाळत घातलेलं मी कधी बघितलं नाही, शेजारच्या दगडांवर मात्र सर्रास.

तुम्ही म्हणता ना नाव जातं आणि दगड उरतो, पण मला वाटतं आमच्याकडं नाव गेलं तरी मान उरला होता. आता धुणं धुवायलाच कुणी नदीवर येत नाही, त्यामुळं कुठं वाळत घालायचं नाही हे सांगायची वेळही येत नाही.

---

पाणीवाला

चांगला धागा. मी पाटबंधाऱ्याच्या कामाशी संबंधित होतो, आता निवृत्त, त्यामुळं नदीच्या बाजूनं थोडं लिहितो.

कृष्णा आणि वेण्णा दोघींचा उगम महाबळेश्वरच्या पठारावर. जुन्या महाबळेश्वरातल्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णा वाईकडून येते, वेण्णा मेढ्याकडून. या दोन खोऱ्यांच्या मधे डोंगराची एक लांब सोंड आहे, वैराटगड ज्या रांगेवर आहे तीच. ती उतरत उतरत आरळ्याच्या बाजूला संपते, आणि ती संपली म्हणूनच दोन नद्यांना भेटायला वाट मिळाली. संगम इथंच का, तर डोंगर इथं संपला म्हणून. पुढं याच कृष्णेला उरमोडी मिळते, उंब्रजला तारळी आणि कऱ्हाडला कोयना. म्हणजे एकाच पठारावरून निघून कोयना दक्षिणेला लांबचा वळसा घेऊन कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर परत भेटते आणि वेण्णा मात्र आधीच माहुलीत भेटून मोकळी होते.

आता समाध्यांचा प्रश्न. दोन नद्या मिळतात तिथं पुराच्या वेळी काय होतं बघा. दोन्हीकडं सारखा पाऊस असेल असं नाही. कृष्णा फुगलेली असली की ती वेण्णेचं पाणी अडवून धरते, वेण्णेचं पाणी तुंबतं, वेग कमी होतो आणि वेग कमी झाला की पाण्यातली माती-वाळू खाली बसते. म्हणून संगमाच्या आतल्या कोपऱ्यात गाळाचे थर चढत जातात. जिथं वेग जास्त तिथं उलट, पायाखालची माती उकरली जाते आणि चौथरा तिरका होतो. एकाच गावात एक समाधी गाडली जाते आणि हाकेच्या अंतरावरची उघडी पडून कलते, याचं कारण हे.

धरणं झाल्यावर चित्र बदललं. कृष्णेवर धोम, त्याच्याही वर बलकवडी, वेण्णेवर कण्हेर. पूर आता नुसत्या पावसावर नाही तर विसर्गावरही अवलंबून. छोटे पूर कमी झाले पण छोट्या पुरानं दरवर्षी थोडा गाळ वाहूनही जायचा, तेही कमी झालं. त्यात झाडं-झुडपं पात्रात स्थिर झाली की ती आणखी गाळ अडवतात. तेव्हा ही समाधी एकदा मोकळी केली की काम झालं असं समजू नका. गाळ परत येणार. दर दसऱ्यानंतर तो काढायची कुणाची तरी कायमची जबाबदारी पाहिजे.

---

कोरेगावकर

विश्वेश्वराच्या समोर शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे ती कशी विसरलात? खंड्या नाव. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्यानं महाराजांना सावध केलं आणि जीव वाचला अशी गोष्ट सांगतात. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला होता म्हणे. कुत्रा गेल्यावर इथं चौथरा बांधून वर दगडी कुत्रा बसवला.

लहान मुलांना घेऊन गेलो की तीच समाधी पहिली दाखवतो, त्यांना बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी ती राहते.

---

संगमकर

@आजोळमाहुली ताई, हेच, अगदी हेच पाहिजे होतं. "राणीसाहेबांचं हाय ते, उठ" हे वाक्य कुठल्या बखरीत सापडणार नाही. तो चौथरा क्षेत्र माहुलीच्या काठाला जवळ की संगमाच्या टोकाला? आणि त्यावर काही होतं का, पिंड, पादुका, तुळशीवृंदावनासारखं काही?

@पाणीवाला काका, आतल्या कोपऱ्यात गाळ चढतो हे इतकं सोप्या शब्दांत मला कुणी समजावलं नव्हतं. मी आजवर सगळा दोष माणसांच्या दुर्लक्षावर टाकत होतो, नदीचा स्वतःचा हिशोब असतो हे खरं.

@कोरेगावकर खंड्याला विसरलो नाही. मजा बघा, कुत्र्याची समाधी कुणाची हे तालुक्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे कारण वर कुत्रा बसलेला आहे, आणि मालकाची समाधी कुठं हे विचारत जावं लागायचं. वर मूर्ती असली की ओळख टिकते, नुसत्या चौथऱ्याची टिकत नाही.

---

घडीव

मी बांधकामातला माणूस, जुन्या वास्तूंच्या डागडुजीची कामं करतो. माहुलीच्या देवळांबद्दल दगडाच्या बाजूनं लिहितो, धागाकर्त्यांना देवळांवर नको असलं तरी, कारण समाध्यांचं काम करायचं तर हे माहीत पाहिजे.

इथलं खालचं सगळं काम काळ्या बेसॉल्टचं, आपल्या सह्याद्रीचाच दगड. घडीव चिरे एकमेकांवर इतके नीट बसवलेत की सांध्यात पातं जाणं मुश्किल. शिखर मात्र दगडाचं नाही, विटा आणि चुना. पेशवाईतली ही ठरलेली पद्धत, खाली वजनदार दगड आणि वर हलकी वीट, त्यावर चुन्याचा गिलावा आणि त्यातच काढलेले कोनाडे, मूर्ती, फुलं-वेली. त्यामुळं पाणी मुरतं ते वरून. शिखरावर पिंपळाचं रोप दिसलं की समजायचं तिथं गिलावा फुटला, आणि ते रोप नुसतं ओढून काढलं तर आतली मुळी तशीच राहते आणि दोन पावसाळ्यांत दुप्पट जाड होऊन विटा फोडते.

घाटाच्या पायऱ्यांकडं एकदा बसून बघा. मधल्या पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्यात आणि दोन्ही टोकांना अजून टाकीचे घाव दिसतात. लोक कुठून चढले उतरले ते त्या झिजेवरून वाचता येतं. काही चिऱ्यांच्या जोडावर आडव्या खाचा दिसतील, त्यात लोखंडी पट्ट्या घालून शिसं ओतलेलं असायचं म्हणजे पुरात चिरा हलू नये. बऱ्याच ठिकाणी ते लोखंड-शिसं लोकांनी उकरून नेलंय, खाच तेवढी राहिली. तिथूनच पुढं पायऱ्या सुटायला लागतात.

आता कळकळीची गोष्ट. समाधी सापडली की उत्साहात जे करतात ते बघून पोटात गोळा येतो. तारेच्या ब्रशनं घासणं, ॲसिड टाकणं, वर ऑइलपेंट नाहीतर चौथऱ्याभोवती सिमेंट आणि फरशी. एका गावात (नाव नको) तर वीरगळावर चांदीचा रंग मारलेला बघितलाय, कोरीव काम पार बुजलं. सिमेंटनं पॉइंटिंग केलं की दगडातली ओल बाहेर यायची वाटच बंद होते, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. जुना चुना श्वास घेतो. चुना बैलाच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, ताग, हे लोक उगाच घालत नव्हते. गाळ काढायला लाकडी फावडं, मऊ कुंचा आणि साधं पाणी, बास. आणि पुरातत्त्ववाल्यांना विचारल्याशिवाय एक चिरा हलवू नका, चांगल्या मनानं केलं तरी नुकसान ते नुकसानच.

---

आजोळमाहुली

@संगमकर दादा, क्षेत्र माहुलीच्या बाजूला, पण काठाला नाही, पात्रात. वर काहीच नव्हतं हो, नुसता चौकोनी चौथरा, एका बाजूला एक छोटा कोनाडा, पणती मावेल एवढा. आईला फोन करून विचारलं, ती म्हणते त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ लागायची तेव्हा आजी एक पणती वेगळी काढून त्या कोनाड्यात ठेवायची, पाणी असेल तर काठावरूनच ओवाळायची. दीपमाळेवरचं तेल-वात गावाचं, ही पणती घरची. आई म्हणाली की आमच्याच घरातून नाही, वाड्यातल्या दोन-तीन घरांतून ठेवायचे. मामाला विचारते कुठल्या घरांतून ते.

---

पुस्तककिडा

इतिहासाचा एक धागा इथं कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. माहुली म्हटलं की समाध्या, पण मराठी राज्याच्या शेवटच्या अंकातला एक महत्त्वाचा प्रवेश या घाटावर झाला.

१८१७ चा ऑगस्ट. जूनमध्ये पुण्याचा तह झालेला, दुसऱ्या बाजीरावावर पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटनं, म्हणजे एल्फिन्स्टननं, कडक अटी लादलेल्या, सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले इंग्रजांनी ताब्यात घेतलेले. बाजीराव माहुलीला येऊन राहिला. तिथं इंग्रजांचा अधिकारी जॉन माल्कम त्याला भेटायला गेला. बाजीरावानं गोड बोलून आपलं दुःख सांगितलं, इंग्रजांचा मी मित्रच आहे असं पटवलं, आणि माल्कमनं त्याला सल्ला दिला की पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेत मदत करा, त्यासाठी फौज जमवा. किल्लेही परत मिळाले. एल्फिन्स्टनला हे पटलेलं नव्हतं, तो सावध राहिला. बाजीरावानं फौज जमवली ती कुणाविरुद्ध ते ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत इंग्रजांना कळलं.

आणि रामशास्त्री प्रभुणे, ते माहुलीचेच. गोष्ट अशी सांगतात की पोरवयात ते साताऱ्यात अनगळ सावकारांकडं चाकरीला होते. एकदा धन्याच्या पायावर पाणी घालताना नजर त्याच्या मोत्यांकडं गेली, धनी बोलला, आणि ते बोलणं जिव्हारी लागून पोरगा शिकायला काशीला गेला. परत आला तो शास्त्री होऊन. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, त्यात रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरी शिक्षा नाही असं तोंडावर सांगणारा न्यायाधीश तो हाच. आता वर धागाकर्त्यांनी लिहिलंय की रामेश्वर देगावच्या अनगळांचं. घराणं तेच असलं तर ज्या सावकाराच्या एका शब्दानं रामशास्त्री घडले त्याच घराण्याचं देऊळ त्यांच्या गावच्या घाटावर उभं आहे. मला हा योग फार मोठा वाटतो.

---

लिंबगोवे

आमचं लिंब जवळच, कृष्णेकाठचंच, म्हणून डोकावलो. आमच्या शेरीतली बारामोटेची विहीर सगळ्यांना माहीत असेल, शाहू महाराजांच्या काळातलीच, विरूबाई भोसल्यांनी बांधलेली, शके १६४१ ते १६४६ असा शिलालेखच आहे. म्हणजे १७१९ ते १७२४. आता तिथं बारा मोटा कुणी चालवत नाही, पण कुणी बांधली, केव्हा बांधली हे शेंबडं पोरगं वाचून सांगतं कारण दगडावर लिहून ठेवलंय. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, घाट, ती वसईची घंटा, तिथंही सगळं नावानिशी. माहुलीत बांधकाम कितीतरी जास्त पण नावं कमी. तुम्ही जे करताय ते म्हणजे राहून गेलेला शिलालेख लिहिणं आहे, करत राहा.

---

नवखा प्रवासी

मी नगरचा, कधी आलो नाही, हे वाचून यायची इच्छा झाली. कधी यावं? आणि तिथं स्मशानभूमी पण आहे असं ऐकलं, बायकामुलांना घेऊन यावं का?

---

पाणीवाला

@नवखा प्रवासी पावसाळ्यात देवळं आणि नदी छान दिसते पण घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर अजिबात उतरू नका, शेवाळ असतं आणि विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं. पात्रातलं बघायचं असेल तर होळीनंतर ते वळवाच्या आधी. त्यातही कालव्याऐवजी नदीतून पाणी सोडलेलं असेल तर एप्रिलातही चौथरे पाण्यात असतात, गावात विचारून मगच उतरा.

---

संगमकर

@नवखा प्रवासी जरूर या, सगळ्यांना घेऊन या. स्मशानभूमी आहे, साताऱ्याची कैलास स्मशानभूमी इथंच. काठावर दशक्रिया, पिंडदान चालू असतात. त्यात वावगं काही नाही. राजाचं दहन जिथं झालं तिथंच आज साताऱ्यातल्या कुणाचंही होतं, पूर्वापार हे गाव तेच काम करत आलंय आणि देवळं, घाट, भटजींची घरं, न्हाव्यांची, फुलवाल्यांची घरं सगळी त्याभोवतीच वाढली. फक्त विधी चालू असलेल्या लोकांवर कॅमेरा रोखू नका, तेवढं पाळा.

@घडीव तुमची पोस्ट प्रिंट काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी असं वाटतंय, परवानगी आहे ना? खास करून सिमेंट आणि ॲसिडचं. गावातली पोरं चांगली आहेत, फावडं घेऊन यायला एका पायावर तयार असतात, त्यांना कुणी सांगत नाही एवढंच.

@पुस्तककिडा अनगळांचा हा धागा माझ्या ध्यानात आला नव्हता. देगावच्या बाजूचं कुणी इथं असेल तर लिहा.

---

घडीव

परवानगी कसली, लावा खुशाल. त्यात एवढं वाढवा की झुडपं तोडताना मुळासकट ओढायची नाहीत, जमिनीलगत कापून मुळी वाळू द्यायची, आणि चौथऱ्यावर वाढलेलं झाड असेल तर आधी फोटो आणि मग विचारणा.

---

आजोळमाहुली

मामाशी बोलणं झालं. त्याला ती दोन घरं आठवतात, एक प्रभुणेवाड्याच्या बोळातलं आणि एक घाटाच्या तोंडाशी, आता दोन्ही बंद असतात, माणसं पुण्याला. मामा म्हणतो चौथरा अजून आहे, पण कोनाड्यापर्यंत वाळू आलीय, नुसती वरची धार दिसते. त्याच्या मते तो चौथरा 'थोरल्या राणीसाहेबांचा', पण त्या थोरल्या म्हणजे कोण ते त्यालाही सांगता येईना. त्या घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या काकू पुण्यात मुलाकडं असतात आणि बोलत्या-चालत्या आहेत. मामा या रविवारी त्यांच्या मुलाला फोन लावणार आहे, त्यांनी होय म्हटलं तर मी पुण्यात जाऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घेते.

---

पुस्तककिडा

@आजोळमाहुली ताई, जाल तेव्हा 'ती ताराबाईंची का' असं आधी विचारू नका, नाव आपण सुचवलं की माणसं तेच धरून बसतात. त्यांना नुसतं विचारा की पणती कुणासाठी ठेवायचे, ठेवताना काय म्हणायचे, त्यांना ते कुणी सांगितलं, आणि त्या सांगणाऱ्या बाईचं माहेर कुठलं. 'थोरल्या' हा शब्द घरात कुणाकुणाला लावायचे तेही विचारा. साताऱ्याच्या घराण्यात थोरल्या म्हणवल्या जाणाऱ्या एकीहून जास्त होत्या.

---

संगमकर

ताई, पुण्यात मी सोबत येऊ शकतो, रेकॉर्डर माझ्याकडं आहे. मामांना एक विनंती कळवा, त्या चौथऱ्याचा फोटो काढताना शेजारी काठी उभी धरून काढा म्हणजे किती वर दिसतोय ते कळेल, आणि एक फोटो असा की ज्यात मागं रामेश्वराचं शिखर येईल, म्हणजे जागा नक्की करता येईल. वाळू उपसायची नाही, फक्त फोटो. पाणीवाला काका, तुम्हाला जमलं तर त्या फोटोवरून तो कोपरा गाळाचा की उकरला जाणारा एवढं सांगा, त्यावरून पुढचं ठरवू.